भीड, पोहे आणि सीटबेल्ट

जुनी गाडी घ्यायची तर ओळखीतलीच, यावर आमच्या घरात एकमत होतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला रिक्षात चढवणं म्हणजे दोघांचं काम. निवृत्तीच्या पैशांतले तीन लाख बाजूला काढले आणि नेमका साडूभाऊंचा, म्हणजे सौ.च्या मावसबहिणीच्या यजमानांचा, फोन आला. "आमची देऊन टाकायची आहे. घरातलीच समजा."

घरातली म्हटल्यावर मिस्त्रींना बरोबर न्यायचं कसं? "भावोजी काय म्हणतील? त्यांच्यावर विश्वास नाही?" सौ.चा सवाल. "भीड भिकेची बहीण," आई आतल्या खोलीतून म्हणाली, आणि प्रश्न मिटला. चौकातल्या मिस्त्रींनी दोनच अटी घातल्या : सकाळी जायचं, आणि आपण पोचेपर्यंत गाडी कुणी सुरू करायची नाही. तापलेलं इंजिन पुष्कळ दुखणी लपवतं म्हणे. 'हे आमच्या ओळखीचे, सहज आलेत' असं सांगायचं ठरलं. (सहज आलेल्या माणसाच्या हातात टॉर्च आणि लोहचुंबक कशाला, हे सुदैवाने कुणी विचारलं नाही.)

रविवारी सिंहगड रोडला पोचलो. गाडी चकचकीत, पासिंग सांगलीचं, २०१८ सालची. साडूभाऊंनी २०२० मध्ये दुसऱ्याकडून घेतलेली. आम्ही पोह्यांच्या बशा घेऊन बाल्कनीत, मिस्त्री खाली. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. गार. ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवलं. साईसारखं काही लागलं तर ऑइलमध्ये पाणी शिरल्याची शंका घ्यायची. काही नव्हतं. लोहचुंबक दारांवरून फिरवलं. ठोकून जाड पुट्टी भरलेली असेल तिथे ते चिकटत नाही. सगळीकडे चिकटलं. गाडी सुरू केली, तर निळा धूरही नाही. सौ.ने माझ्याकडे 'बघा, म्हणत नव्हते?' असं पाहिलं.

मग मिस्त्री आत बसले आणि ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढू लागले. आपण ओढतो तेवढा नाही, पार संपेपर्यंत. एरवी कधीच बाहेर न येणाऱ्या त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट डाग होते. त्यांनी कार्पेटची कड उचलली. खाली पिठासारखा गाळ. सीटखालचे बोल्ट गंजलेले.

सांगलीची गाडी, आणि गाळ. ऑगस्ट २०१९ चा महापूर कुणी कुणाला आठवून द्यावा लागला नाही.

बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून पुन्हा छान चालते, हीच तर गंमत. पाणी वायरिंगच्या जोडांत शिरलेलं असतं आणि तिथला गंज सावकाश वाढतो. आज काच खाली होत नाही, उद्या भररस्त्यात गाडी बंद, आणि अपघातात एअरबॅग उघडेल याचा भरवसा नाही. आईला शेजारी बसवून हा जुगार खेळायचा?

साडूभाऊ खाली आले. आता बोलाचाली होणार, असं मला वाटलं. ते गाळाकडे बघत राहिले. "दर पावसाळ्यात वायरिंगचं काहीतरी निघायचं," ते हळूच म्हणाले. "साडेचार लाखांना घेतली हो. आमच्या साहेबांच्या भावाची. त्यांच्यासमोर मेकॅनिक कसा न्यायचा..."

कुणीच बोललं नाही. मिस्त्रींनी बेल्ट सावकाश आत जाऊ दिला. परतताना रिक्षा केली. मिस्त्रींनी आठशे रुपये घेतले. पोहे उत्तम होते, एवढंच म्हणाले.

पंधरा दिवसांनी साडूभाऊंचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "ते तुमचे... सहज आलेले गृहस्थ. त्यांचा नंबर द्याल? एक गाडी बघायला जायचंय."

जुनीचं काय केलंत, कुणाला काय सांगून दिलीत, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी नंबर सांगितला आणि फोन ठेवला.