गांधीहत्येचा कट : 20 ते 30 जानेवारी 1948 या दहा दिवसांचे प्रशासकीय विश्लेषण

प्रस्तावना : महात्मा गांधींची हत्या 30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीतील बिर्ला भवनात झाली. या घटनेची चर्चा बहुधा मारेकऱ्यांच्या विचारसरणीभोवती फिरते. प्रस्तुत लेखात मात्र कटाची माहिती हाती असूनही हत्या का टळली नाही, या प्रश्नाचा विचार केला आहे.

पूर्वसूचना : 20 जानेवारी रोजी बिर्ला भवनाच्या आवारात स्फोट झाला व मदनलाल पहवा जागीच पकडला गेला. पुण्यातील एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख त्याच्या जबानीत आला. नथुराम गोडसे ‘हिंदुराष्ट्र’चा संपादक, तर नारायण आपटे व्यवस्थापक होता. दुसरीकडे, मुंबईच्या रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांना मदनलालने कटाविषयी आधीच सांगितले होते. प्रारंभी ती बढाई वाटली. परंतु स्फोटाचे वृत्त वाचताच त्यांनी 21 जानेवारीला मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना माहिती दिली. देसाई यांनी त्याच दिवशी पोलीस उपायुक्त नगरवाला यांना अहमदनगरच्या विष्णू करकरेला अटक करण्यास सांगितले.

म्हणजे एक दुवा दिल्लीकडे होता आणि दुसरा मुंबईकडे. ते वेळेत जुळले नाहीत. गुप्तवार्ता विभागाचे पुण्यातील उपमहानिरीक्षक राणा तेव्हा दिल्लीत होते. जबानीची प्रत घेऊन ते रेल्वेने परतले व 27 जानेवारीला मुंबईस पोहोचले. तीन दिवसांनी नथुरामने गोळ्या झाडल्या.

परिणाम : हत्येनंतर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली, त्यांतील असंख्य कुटुंबांचा कटाशी काडीमात्र संबंध नव्हता. लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयात आठ आरोपींवर खटला चालला. दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. न्या. आत्माचरण यांनी 10 फेब्रुवारी 1949 रोजी गोडसे व आपटे यांना फाशी आणि पाच जणांना जन्मठेप सुनावली, तर वि. दा. सावरकर यांना निर्दोष मुक्त केले. पुढे अपिलात डॉ. परचुरे व शंकर किस्तय्या सुटले. गोडसे व आपटे यांना 15 नोव्हेंबर 1949 रोजी अंबाल्यात फाशी देण्यात आली. 20 ते 30 जानेवारीदरम्यानच्या पोलिसी ढिलाईवर न्यायाधीशांनी निकालातच ताशेरे ओढले होते.

चौकशी आयोग : जन्मठेपेचे कैदी 1964 मध्ये सुटल्यावर पुण्यात सत्कार झाला. कटाची आगाऊ कल्पना आपणास होती, असे ग. वि. केतकर यांनी तेथे सांगितल्याने खळबळ उडाली. परिणामी नेमलेल्या आयोगाचे काम न्या. जीवनलाल कपूर यांनी 1969 मध्ये पूर्ण केले. त्यांनीही तपासातील त्रुटींवर बोट ठेवले.

समारोप : न्यायालयाने गुन्हेगार कोण हे ठरविले, गुन्हा रोखता आला असता काय, हा प्रश्न आयोगाकडे एकवीस वर्षांनी निकाली निघाला. माहिती मिळणे आणि ती कृती करू शकणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती वेळेत पोहोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. एका प्राध्यापकाने आपले नागरी कर्तव्य बजावले. यंत्रणेतील समन्वयाचा अभाव मात्र राष्ट्राला महागात पडला.