गादीवाफ्यांवरील उंदीर-घुशींचा बंदोबस्त

केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय परसबागांसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. बीड जिल्ह्याच्या आष्टी, पाटोदा भागातील उथळ, मुरमाड जमिनीत भाजी घ्यावयाची तर गादीवाफा करणे भाग पडते. रब्बीची ज्वारी निघाली की शिवार कोरडे पडते आणि पाणी दिलेला वाफा तेवढाच मऊ, ओलसर उरतो. मग बांधावरील उंदीर-घुशींचा मोर्चा तिकडे वळला तर नवल नाही. मुळे कुरतडली जातातच. शिवाय बिळांतून पाणी वाहून जाते आणि रोपे वाळतात. टंचाईच्या मुलखात हे नुकसान अधिक जाचक होय.

पुष्कळदा विषारी आमिषाचा उपाय सुचविला जातो. झिंक फॉस्फाइडवर मात्र खास उतारा नाही. ज्या वाफ्यातील भाजी मुलांच्या ताटात जाते, तेथे ते नेणे सर्वथा अयोग्य ठरेल.

खरा बंदोबस्त माती भरण्यापूर्वीच करावा लागतो. तळाशी अर्धा इंच छिद्रांची, जस्ताचा मुलामा दिलेली तारेची जाळी अंथरून तिच्या कडा चारही बाजूंनी वर घ्याव्यात. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी स्वस्त पडते, पण तिच्या मोठ्या छिद्रांतून उंदराचे पिल्लू सहज शिरते. जाळीवर किमान फूटभर माती असावी.

जुन्या वाफ्यातील बिळे सायंकाळी बुजवावीत. सकाळी जी पुन्हा उघडलेली दिसतील ती वसती समजून तेथे पिंजरे लावावेत. धामण आढळल्यास मारू नये; ती बिनविषारी असून बिळात शिरून उंदीर खाते.