कानाने वाचायची मराठी

कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘कमल’ हा शब्द डोळ्यांना कमलच दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र तिथे डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. फॉन्टने डीच्या जागी क, ईच्या जागी म आणि वायच्या जागी ल असा आकार भरलेला असतो, एवढेच. अंध माणसाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, आकार पाहत नाही. तो आत साठवलेले अक्षर उचलतो आणि ‘डे’ असे काहीतरी उच्चारतो. पुढचा शब्द ‘मराठी’ असेल, तर त्याच्या हाती ई-जे-के-बी-एच लागते. एखाद्या अंध मुलीला परीक्षेच्या आदल्या रात्री मिळालेल्या नोट्स अशा निघाल्या, तर तिने करायचे काय?

वाचणारे यंत्र नाही, असे नाही. मायकल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला, कारण तोवरची अशी सॉफ्टवेअर फार महाग होती. एनव्हीडीए आजही मोफत मिळतो आणि त्याच्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठी बोलतो. अडते ते आपण त्याला देतो त्या मजकुरापाशी.

प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडने हे कोडे मुळातून सोडवले. तिथे ‘क’चा क्रमांक ०९१५, मग फॉन्ट कुठलाही लावा. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, क नंतर. कृतीदेवमध्ये ती त्याच क्रमाने साठते. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतो तो क्रम! ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरकही तिथे नीट राहतो, कारण ‘दऱ्या’तल्या र साठी स्वतंत्र अक्षर आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन वेगळे च मात्र एकाच अक्षराने लिहिले जातात. तिथे आवाज घडवणाऱ्यांनाच यंत्राला शब्दागणिक शिकवावे लागते.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत. पण प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी, त्यामुळे आधी फॉन्ट ओळखावा लागतो आणि नंतर जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात.

त्याहून वाईट म्हणजे स्कॅन. युनिकोडमध्ये स्वच्छ टाइप केलेले परिपत्रक सही-शिक्क्यासाठी छापायचे आणि मग त्याचा फोटो पीडीएफ म्हणून पाठवायचा, ही आपली सवय. त्या पीडीएफमध्ये एकही अक्षर उरत नाही, स्क्रीन रीडर गप्प होतो. चित्रातून अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर मदतीला येते, पण शिक्का पडलेल्या ओळीत तेही अडखळते, आणि अर्जाची शेवटची तारीख नेमकी तिथेच असू शकते. कायदा नाही, असेही नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे. डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितले. तरीही फोटो निघतच आहेत.

आपली फाइल तपासायला अर्धे मिनिट पुरते. पीडीएफमधला एक मराठी शब्द माउसने निवडा, कॉपी करा आणि कोऱ्या ईमेलमध्ये चिकटवा. शब्द निवडताच आला नाही, तर तो फोटो आहे. चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर फॉन्ट जुना आहे. दोन्ही वेळी मूळ फाइल शोधा, युनिकोडमध्ये आणा आणि तीच पाठवा.