निशाणे अनेक, पेढी एक : ऑटोमन काळातील ग्रीक व्यापारी

अठराव्या शतकात ऑटोमन सुलतानाची प्रजा असलेले ग्रीक व्यापारी इझमीरपासून त्रिएस्ते, व्हिएन्ना आणि आम्स्टरडॅमपर्यंत पेढ्या चालवीत होते. त्यांच्या पाठीशी स्वतःचे राज्य नव्हते. तरीही परमुलखात त्यांची हुंडी पटत असे, कारण ठिकठिकाणच्या पेढ्यांवर भाऊ, पुतणे व जावई बसलेले असत. किऑस बेटावरील घराणी तर बहुधा आपसांतच सोयरीक करीत. त्यामुळे भांडवल आणि पत दोन्ही घरातच राहत.

हे व्यापारी नेमके कोण, याची उत्तरे मात्र अनेक होती. सरकारदरबारी ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाजाचे, म्हणजे 'रूम मिल्लत'चे घटक. कॉन्स्टंटिनोपलचे पॅट्रिआर्क त्यांचे प्रमुख. या समाजात बल्गेरियन, सर्ब व व्लाखही होते. बाल्कन प्रदेशात व्यापाराची भाषा ग्रीक असल्याने हंगेरी-ऑस्ट्रियात यांपैकी अनेकांना सरसकट 'ग्रीक' म्हटले जाई. १७७४ च्या रशिया-तुर्कस्तान तहानंतर कित्येक ग्रीक जहाजांवर रशियन निशाण फडकू लागले. काहींनी परकीय वकिलातींकडून संरक्षणाची सनद मिळवून जकातीत सवलत घेतली. सोयीनुसार निशाण बदलले, तरी देवघर आणि भाषा तीच राहिली.

नफ्याचा काही भाग शाळा व ग्रंथांकडे वळला. इझमीरच्या व्यापाऱ्याचा पुत्र आदामांतिओस कोराइस याने आम्स्टरडॅममध्ये काही वर्षे व्यापार केला. पुढे पॅरिसमध्ये त्याने प्राचीन ग्रीक ग्रंथ संपादित केले. त्यांचा खर्च योआनिनाच्या झोसिमास बंधूंनी उचलला. १८१४ मध्ये ओडेसा येथे व्यापारी वर्तुळातील तिघांनी 'फिलिकी एतेरिया' ही गुप्त स्वातंत्र्यसंघटना स्थापिली.

सर्वच व्यापाऱ्यांना बंड नको होते. किऑसचे धनिक त्यापासून दूर राहू पाहत होते. परंतु १८२२ मध्ये सामोसहून बंडखोर बेटावर उतरले आणि सुलतानी फौजेने हजारो रहिवाशांची कत्तल केली, हजारोंना गुलाम केले. वाचलेले सिरोस, मार्सेय, लंडनकडे पांगले. तेथे आप्तांच्या पेढ्या होत्या. त्यांच्याच आधाराने अनेकांनी पुन्हा धंदा उभारला. किऑसच्याच रॅली घराण्याची लंडनमधील पेढी पुढे मुंबईच्या कापूस बाजारातही सुपरिचित झाली. दूरदूर विखुरलेली नाती या व्यापाऱ्यांनी धंद्यासाठी जोडली होती. बेट उद्ध्वस्त झाले तेव्हा तीच त्यांचा निवारा ठरली.