काउंट कशाचा?

भिवंडीत काउंट हा शब्द सुताच्या पेढीवर चालतो, सायझिंगमध्ये चालतो, यंत्रमागाच्या खात्यात चालतो आणि तापाच्या साथीत पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीवरही चालतो. 1857 नंतरच्या काळात उत्तरेकडून आलेल्या मोमिन विणकरांची उर्दू, पद्मानगरातल्या विणकरांची तेलुगू, सूत व्यापाऱ्यांची गुजराती-मारवाडी आणि कचेऱ्यांतली मराठी या सगळ्यांत तो तसाच्या तसा वापरला जातो. मोजणारा बदलला की त्याचा अर्थ बदलतो, आणि गैरसमजही तिथेच होतो. काउंटचा आकडा सांगितला जातो. तो कशात किती याचा आहे, हे मात्र गृहीत धरलं जातं.

सुताचा काउंट जितका मोठा तितकं सूत जाड, असा नवख्याचा पहिला समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. भारतात सुती धाग्यासाठी चालणारी पद्धत लँकेशायरच्या गिरण्यांची. त्या पद्धतीत एक लडी 840 वारांची, आणि एक रत्तल (पाउंड) वजनात अशा जितक्या लड्या बसतील तितका काउंट. म्हणजे 20 काउंटचं सूत रत्तलाला 16,800 वार भरतं आणि 40 काउंटचं 33,600 वार. वजन तेच आणि लांबी दुप्पट, म्हणून धागा बारीक. जीन्सचं कापड साधारण 7 ते 16 काउंटच्या जाड सुताचं असतं, कॅम्ब्रिक 60 च्या आसपासच्या सुताचं, आणि तलम धोतराला त्याहून बारीक सूत लागतं.

840 हा आकडा विचित्र वाटतो, पण तो रहाटाच्या घेरातून आलेला आहे. तपासणीच्या रहाटाचा घेर दीड वाराचा. त्याचे 80 फेरे झाले की 120 वार होतात, त्याला ली म्हणतात, आणि सात ली मिळून एक लडी. एका रत्तलात 7,000 ग्रेन असल्यामुळे हिशेब सोपा होतो: एका लीचं वजन ग्रेनमध्ये घ्यायचं आणि 1,000 ला त्याने भागायचं. वजन 25 ग्रेन आलं तर सूत 40 काउंटचं. वजन ग्रॅममध्ये असेल तर 64.8 ला भागायचं, 1.62 ग्रॅमची ली पुन्हा 40 काउंटच दाखवते. रत्तल आणि वार रोजच्या व्यवहारातून गेले तरी सुताच्या पेटीवर ते या आकड्यात लपून टिकले आहेत.

60 काउंट म्हणजे कापडात इंचाला 60 धागे, हा दुसरा गैरसमज फार पसरलेला आहे. सुताच्या काउंटचा इंचाशी काही संबंध नाही. ते फक्त धाग्याचं माप आहे. तो धागा कापडात किती दाट बसवायचा, हे वेगळं ठरतं. म्हणूनच कापडाच्या सौद्यात आकड्यांच्या दोन जोड्या बोलल्या जातात. 60×60, 92×88 असं लिहिलेलं असेल तर ताणा 60 काउंटचा, बाणाही 60 काउंटचा, इंचाला उभे धागे 92 आणि आडवे 88. यापुढे पन्हा सांगितला की कापडाची कुंडली पूर्ण होते.

2/40 असं लिहिलेलं सूत 40 काउंटइतकं बारीक असतं, हेही खरं नाही. इथे 40 चे दोन धागे एकत्र पिळलेले असतात, त्यामुळे जाडी 20 काउंटच्या जवळपास जाते. मजबुती आणि एकसारखेपणा मात्र एकेरी 20 पेक्षा चांगला मिळतो, आणि त्याचीच किंमत मोजली जाते.

खरा घोळ डेनियरपाशी होतो, कारण पॉलिस्टरचा धागा उलट्या पद्धतीने मोजतात. 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. इथे लांबी ठरलेली आणि वजन मोजायचं, म्हणून आकडा वाढला की धागा जाड. दोन्हींमधला दुवा 5,315 हा आहे. त्याला एका आकड्याने भागलं की दुसरा मिळतो. यात एक गंमत आहे. 80 काउंटचं सूत साधारण 66 डेनियरचं असतं आणि 80 डेनियरचा धागा साधारण 66 काउंटचा. आकडे तेच राहून जागा बदलतात, त्यामुळे तोंडी सौद्यात ‘ऐंशी’ एवढंच म्हणणं धोक्याचं. सुती आणि पॉलिस्टर दोन्ही चालणाऱ्या भिवंडीसारख्या गावात हे सांभाळावंच लागतं. या सगळ्यावर उपाय म्हणून टेक्स ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे (1,000 मीटरचं ग्रॅममधलं वजन), पण ती प्रयोगशाळेच्या अहवालात दिसते, पेढीवर फारशी नाही.

पेटीवर छापलेला काउंट आणि तपासणीत निघालेला काउंट जुळला नाही की गिरणीने फसवलं, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. कधी तसं असेलही. पण कापूस हवेतलं पाणी शोषतो. सौद्यासाठी सुती धाग्यातला ओलावा कोरड्या वजनाच्या 8.5 टक्के धरण्याची रीत आहे, आणि भारतात चाचणीसाठी प्रमाण हवा 27 अंश सेल्सिअस व 65 टक्के आर्द्रता अशी मानतात. जुलैमध्ये भिवंडीच्या गोदामात अशी हवा कुठली? ओलाव्याने सूत जेमतेम तीन टक्के जड झालं तरी 40 चा काउंट 39 च्या खाली दिसू लागतो. कापडातून उसवून काढलेल्या धाग्यावरून काउंट काढताना चूक आणखी वाढते. सायझिंगमध्ये ताण्याला खळ लावलेली असते, तिचं वजन धाग्यात धरलं जातं, आणि विणीत धागा नागमोडी बसल्यामुळे त्याची खरी लांबी ताणल्याशिवाय कळत नाही. खळ काढून, धागा सरळ करून मगच वजन केलं तर आकडा विश्वासाचा.

काउंट मोठा म्हणजे माल उत्तम, हाही समज तपासून घ्यावा लागतो. बारीक सुताला लांब तंतूचा कापूस लागतो आणि ते कातायला वेळ जास्त लागतो, म्हणून ते महाग असतं. पण एकाच 40 काउंटमध्ये कार्डेड (नुसतं पिंजलेलं) आणि कोम्ब्ड (विंचरून आखूड तंतू काढलेलं) असा फरक असतो, पीळ कमी-जास्त असतो, ताकद वेगळी असते. ताकदीसाठी गिरण्या लीची तुटण्याची ताकद आणि काउंट यांचा गुणाकार पाहतात. सोलापूरच्या टॉवेलला बारीक सूत वापरलं म्हणून तो जास्त चांगला होत नाही.

फणीचाही काउंट असतो, आणि तो वेगळाच. मागाच्या फणीला रीड म्हणतात. स्टॉकपोर्ट पद्धतीत दोन इंचांत फणीच्या जितक्या फटी तितका तिचा काउंट. एका फटीतून दोन धागे ओवले तर 72 च्या रीडमधून इंचाला 72 धागे येतात. हा आकडा कापडावर मात्र तसाच सापडत नाही. मागावरून उतरल्यावर कापड पन्ह्यात आकसतं, आणि पाच टक्के आकसलं तरी 72 चे 75-76 होतात. सौद्यात रीड म्हणून जो आकडा बोलला जातो तो फणीचा की तयार ग्रे कापडाचा, हे म्हणूनच विचारून घेतात. (ग्रे म्हणजे करड्या रंगाचं नव्हे; धुलाई-रंगाई न झालेलं, मागावरून जसं उतरलं तसं कापड.)

आडव्या धाग्यांच्या मोजणीला पिक म्हणतात, आणि इथे आकड्याचा थेट पैसा होतो. मागवाल्याला व्यापारी सूत देतो आणि विणाईचा दर पिकावर ठरतो. समजा दर पिकाला 10 पैसे आहे आणि कापड 52 पिकाचं आहे, तर मीटरला 5 रुपये 20 पैसे. हा दर इंचातल्या पिकांच्या संख्येला लागतो, प्रत्येक आडव्या धाग्याला नव्हे. एका मीटरमध्ये 39.37 इंच, म्हणजे 52 पिकाच्या मीटरभर कापडात धोटा दोन हजारांहून जास्त वेळा इकडून तिकडे जातो. माग मिनिटाला 140 पिक टाकत असेल तर एका मीटरला साधारण साडेचौदा मिनिटं लागतात, तीही धागा न तुटता, कांडी न संपता आणि वीज न जाता. पिक वाढवले की उत्पादन तेवढंच घटतं. इंचभर चौकटीच्या भिंगाखाली सुई फिरवून आडवे धागे मोजले जातात तेव्हा एका-दोन पिकांवरून वाद का होतो, ते या हिशेबावरून समजतं.

शहरी गिऱ्हाइकाला भेटणारा काउंट म्हणजे बेडशीटवरचा थ्रेड काउंट. तो सुताचा काउंट नाही. चौरस इंचातल्या उभ्या आणि आडव्या धाग्यांची ती बेरीज आहे. वरचं 92×88 चं कापड या हिशेबाने 180 थ्रेड काउंटचं. जाहिरातीत 1,000 दिसतो तेव्हा बहुधा एका पिळात असलेले दोन-तीन धागे वेगवेगळे मोजलेले असतात. एकेरी सुताने चारपाचशेच्या पुढे जाणं अवघड आहे, कारण इंचात जागा तेवढीच. पिळलेला धागा एकच मोजावा, असं अमेरिकेतलं चाचणीचं मानक सांगतं. तो सुटा करून आकडा फुगवला तर गिऱ्हाइकाची दिशाभूल होऊ शकते, असं मत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी 2005 मध्ये दिलं होतं. चादर हातात धरली की ती गुळगुळीत लागते की नाही हे सूत, पीळ आणि विणीवर जास्त अवलंबून असतं.

कापडाबाहेर इंग्रजीत काउंटला आणखी अर्थ आहेत. न्यायालयात तो आरोपपत्रातल्या एकेका आरोपाला लागतो. युरोपातल्या सरदाराची काउंट ही पदवी मात्र मुळातच दुसरा शब्द आहे: मोजणीचा काउंट लॅटिनमधल्या हिशेब करण्याच्या क्रियापदातून आला, तर पदवीचा काउंट सोबती या अर्थाच्या नामातून. फ्रेंचमधून येताना दोन्हींचा उच्चार जवळ आला, एवढंच.

राहिला रक्ताचा काउंट. ‘काउंट वाढलाय’ असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा पांढऱ्या पेशी अभिप्रेत असतात. प्रौढांत त्या मायक्रोलिटरला साधारण 4,000 ते 11,000 असतात आणि संसर्गात वाढू शकतात. ‘काउंट कमी झालाय’ असं डेंगीच्या दिवसांत म्हटलं तर ते प्लेटलेटबद्दल असतं, ज्यांची नेहमीची मर्यादा दीड ते साडेचार लाख. डेंगीत पांढऱ्या पेशीही घटतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. घसरलेला प्लेटलेटचा आकडा म्हणजे लगेच प्लेटलेट चढवायच्या, हा समजही बरोबर नाही. डेंगीत खरा धोका रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा असतो. तो ताप उतरण्याच्या सुमारास वाढतो, म्हणून डॉक्टर रक्तस्राव, रक्तदाब आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) हे सगळं एकत्र पाहतात. शिवाय नमुन्याच्या नळीत प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या तर यंत्र त्या कमी मोजतं. अशा वेळी काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करतात. आणि एका लॅबचा अहवाल 1.5 लिहितो, दुसरीचा 150, तिसरीचा 1,50,000. पहिल्यात एकक लाख आहे, दुसऱ्यात हजार. पेशी तिन्हींत तेवढ्याच.