माळावर तंबू ठोकायचाय? आधी हे ऐका

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी मजकूर.

परवा एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, मी न्हावऱ्याचा. नॅशनल पार्कात कॅम्पिंग करायचंय, पण ताडोबा लांब पडतं. जवळ काय आहे?" मी पण त्याच भागातला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं ६ आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. पुणे जिल्ह्यात एकही नाही. पण न्हावऱ्याहून चौफुल्याला आलात आणि मोरगावच्या रस्त्याला लागलात, की सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं माळरान. इथे चिंकारा दिसतो. लांडगा, खोकड, चंडोल, माळटिटवी यांचंही हेच घर.

उद्यान आणि अभयारण्यात फरक काय? उद्यानात गुरं चारायलाही बंदी असते. अभयारण्यात काही गोष्टींना परवानगी मिळू शकते. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा दोन्हीकडे लागू. परवान्याशिवाय आत जायचं नाही, आणि जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायची नाही. म्हणजे तिकीट काढलं म्हणून वाट्टेल तिथे तंबू ठोकता येत नाही. मुक्काम करायचा तर वनखात्याने ठरवून दिलेल्या जागीच.

हे मला कसं कळलं? कॉलेजात असताना आम्ही चौघांनी दोन बाईकवर तिथे जाऊन तीन दगडांची चूल मांडली होती. मॅगी शिजायच्या आत वनरक्षक काका आले. ओरडले नाहीत. वाळक्या गवताची मूठ हातात घेऊन म्हणाले, "ठिणगी पडली तर तुम्ही गाडीपर्यंत पळाल. अंड्यांना पाय नसतात."

तेव्हा लाज वाटली. माळटिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालते, खड्यांसारखीच दिसतात ती. आपल्याला जे ओसाड रान वाटतं, ते कुणाचं तरी बाळंतघर असतं.

"मग घोड धरणाच्या काठावर झोपतो की!" असंही काहीजण म्हणतील. थांबा. आपल्या शिरूर तालुक्यात उसात बिबटे राहतात, तिथेच पिल्लं घालतात. रात्री उघड्यावर झोपणं, एकट्याने अंधारात उकिडवं बसणं धोक्याचं आहे. उरलेलं मटण टाकलं की कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या.

मग करायचं काय? मुक्काम मोराच्या चिंचोलीसारख्या ठिकाणी कृषी पर्यटन केंद्रात करा, किंवा ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून घराच्या अंगणात तंबू लावा. पहाटे उठून सुप्याला जा. परवाना घ्या, वाटेवरच राहा, मोबाईल सायलेंट करा, ड्रोन घरी ठेवा. चिंकारा दिसला तर सेल्फीसाठी मागे धावू नका. दुर्बीण असेल तर सोन्याहून पिवळं.

आणि एक नंबर सेव्ह करा: १९२६, वनखात्याची हेल्पलाईन. वणवा दिसला, बिबट्या दिसला, की लगेच फोन लावा.

तुम्ही पाहिलेल्या माळाची गोष्ट व्हॉइस मेसेजवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला!