‘केला’ आणि ‘झाला’ : ख्रिस्ती दृष्टीने विज्ञानशिक्षण

माध्यमिक शाळेत विज्ञान ख्रिस्ती दृष्टीने शिकवावे, या विधानात निदान तीन भिन्न अर्थ एकत्र नांदतात. अध्यापनामागील प्रेरणा ख्रिस्ती असणे, हा पहिला. विज्ञानाने सिद्ध केलेल्या गोष्टींचे अंतिम तात्पर्य ख्रिस्ती श्रद्धेच्या आधारे लावणे, हा दुसरा. विज्ञानात प्रमाण कशास मानावे याचाच निर्णय बायबलच्या वचनाने करणे, हा तिसरा. हा भेद लक्षात न घेतल्यास या पद्धतीचा पुरस्कार आणि निषेध दोन्ही सारखेच अप्रस्तुत ठरतात.

महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाही. जॉन विल्सन यांची मुंबईतील शाळा १८३२ मध्ये निघाली. अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगर येथून सुरू झाले. मिशनरी शिक्षणात भूगोल व खगोल यांना केवळ माहितीचे नव्हे, तर पौराणिक सृष्टिवर्णनाच्या खंडनाचे साधन म्हणूनही महत्त्व होते. परंतु हे शस्त्र दुधारी होते. मेरुपर्वत व सप्तद्वीपे यांना जी कसोटी लावावयाची, तीच ‘उत्पत्ति’ग्रंथातील सहा दिवसांनाही लावणे ओघानेच आले. आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात सृष्टीचा आरंभ इ. स. पूर्व ४००४ मध्ये झाल्याचे गणित मांडले होते. भूशास्त्राच्या प्रगतीबरोबर ते टिकणे अशक्य झाले.

या संदर्भात स्टीफन हिस्लॉप यांचे उदाहरण उद्‌बोधक आहे. १८४५ मध्ये नागपुरास आलेल्या या स्कॉटिश मिशनऱ्याने तेथे शाळा चालविली आणि परिसरातील खडकांचा व जीवाश्मांचाही अभ्यास केला. नागपूरजवळील टाकळी येथे लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात वनस्पतींचे व गोड्या पाण्यातील शंखांचे अवशेष सापडले. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो भूशास्त्रज्ञांनी विचारात घेतला, तो लेखकांच्या धर्मामुळे नव्हे, पुराव्यामुळे. हिस्लॉप यांची प्रेरणा ख्रिस्ती होती. प्रमाण मात्र खडकांत होते.

टाकळीच्या लाव्हाचाच विस्तार नाशिक जिल्ह्यात वणीजवळील सप्तशृंग गडावर दिसतो. त्याचे कडे एकावर एक साचलेल्या बेसाल्टचे आहेत. दख्खनच्या या लाव्हाचे वय किरणोत्सर्गी मापनाने सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षे ठरले आहे. आता वणीच्या एखाद्या वर्गात दोन वाक्ये उच्चारली गेली अशी कल्पना करावी : ‘ईश्वराने हा पर्वत निर्माण केला’ आणि ‘लाव्हा थंड होऊन हा पर्वत झाला’. पहिल्यात ‘ने’ प्रत्ययाने कर्ता प्रकट झाला आहे व क्रियापद सकर्मक आहे. दुसऱ्यात क्रियापद अकर्मक असून ‘थंड होऊन’ हे धातुसाधित प्रक्रिया सांगते. ही वाक्ये परस्परांचे खंडन करीत नाहीत, कारण त्यांचे प्रश्नच भिन्न आहेत. मात्र ‘कसा झाला?’ या प्रश्नास ‘ईश्वराने केला’ हे उत्तर पुरेसे मानल्यास विज्ञानाचा तास तेथेच संपतो. ‘झाला’ या क्रियापदावरून कर्ता मुळी नाहीच असा निष्कर्ष काढणे हीही तितकीच चूक होय. ‘सृष्टी’ हा शब्द ‘सृज्’ धातूपासून आलेला असल्याने मराठी शिक्षकाच्या तोंडी, तो कोणत्याही धर्माचा असो, निर्मितीची कल्पना नकळत येतेच.

कायद्यानेही अशीच सीमा आखली आहे. भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार संपूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून ते लादता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये, उत्क्रांतीबरोबर ‘निर्मितिविज्ञान’ शिकविण्याची सक्ती करणारा लुइझियानाचा कायदा रद्द केला. तेथील खासगी ख्रिस्ती शाळांना हा निर्णय लागू नाही.

सारांश, पहिल्या दोन अर्थांनी ख्रिस्ती दृष्टी आणि विज्ञानशिक्षण यांचे सहजीवन शक्य आहे. तिसऱ्या अर्थाने मात्र विद्यार्थ्यास खडक वाचण्यापूर्वीच त्याचे उत्तर सांगितले जाते. मग तो खडक वाचण्यास शिकत नाही. ही हानी विज्ञानाची आहे, तशी सत्यास ईश्वराचे मानणाऱ्या श्रद्धेचीही आहे.